आव्हिन्योंच्या पुलाचा पाचवा खांब

या, असे जवळ या. मागे चपलांपाशी टेकलेल्यांनीही पुढे सरका. सतरंजी लांब आहे आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. एक गोष्ट सांगतो. तिच्यात एक पूल आहे, एक धोंडा आहे आणि एक विमान आहे. पूल फ्रान्सचा, धोंडा अम्गऱ्याचा, विमान लवूचं. हे तिन्ही एका संध्याकाळी कुवेतमधल्या एका शाळेच्या रंगमंचाभोवती कसे गोळा झाले आणि माझी अब्रू त्यातल्या कुठल्या कमानीखालून वाहून गेली, ते ऐका.

मी हरीश. राहायला सालमियात, नोकरी विमा कंपनीत. पण ते पोटाचं. जिवाचं विचाराल तर कीर्तन. गावी शत्रुघ्नबुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहण्यात माझं लहानपण गेलं. बुवांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, गादीवर जो उभा राहतो तो तेवढ्यापुरता नारद. त्याचं वय, जात, नोकरी विचारायची नाही, शेवटी थोरामोठ्यांनीही त्याच्या पाया पडायचं. दुसरा, आख्यान एकदा लागलं की आरतीपर्यंत थांबायचं नाही. घराला आग लागली तर तीसुद्धा पदातून सांगायची. हा दुसरा नियम मी इतकी वर्षं बुवांचा विनोद समजत होतो.

तर आमच्या लेकीच्या, ज्ञानदाच्या शाळेत फ्रेंच सप्ताह होता. पालकांनी एकेका फ्रेंच शहराचा इतिहास आणि संस्कृती मुलांना दाखवायची. आव्हिन्यों नावाचं शहर ज्या कुटुंबाकडे होतं त्यांची दुबईला बदली झाली, आणि शहर अनाथ झालं. पालकसभेत फ्रेंचच्या अलिना मॅडमनी विचारलं, "कोण घेतं?" या मूळच्या लेबनॉनच्या, पण त्यांचं लहानपण त्याच गावात गेलेलं, त्यामुळे त्यांच्या विचारण्यात जरा काकुळती होती. कुणी वर बघेना. माझा हात वर गेला. तो मी केला नाही, तो गेला. असं मी बायकोला, चित्राला, नंतर सांगितलं, तिला ते पटलं नाही.

"तुम्ही काय करणार?" मॅडमनी विचारलं.

"कीर्तन," मी म्हणालो. "एक माणूस उभा राहतो, गोष्ट सांगतो, मध्ये गातो, मध्ये उपदेश करतो."

"वीस मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

वीस मिनिटांत आमच्याकडे नमनही आटोपत नाही. घासाघीस करून मी चाळीस मिळवली.

शेजारी ज्ञानदा बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट सिंग."

घरी येऊन त्या शहराबद्दल वाचायला बसलो, आणि काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आव्हिन्यों म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं, रोन नदीकाठचं तटबंदीचं गाव. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून तिथे येऊन राहिले. एक नाही, ओळीने सात. त्यांचा भलाथोरला वाडा अजून उभा आहे. पण माझं मन बसलं ते त्याच्या दीडशे वर्षं आधीच्या एका मेंढपाळ पोरावर. बेनेझे त्याचं नाव. आईची मेंढरं राखताना त्याला आकाशवाणी झाली, म्हणे, की जा, रोनवर पूल बांध. पोर गावात आलं, भर प्रार्थनेत बिशपला म्हणालं, मला देवाने पूल बांधायला पाठवलंय. सगळे हसले. तिथे एक प्रचंड शिळा पडली होती. तीस माणसांना हलत नव्हती. गावचा कारभारी म्हणाला, ही उचल, मग पुलाचं बोलू. पोराने देवाचं नाव घेतलं, शिळा खांद्यावर घेतली आणि नदीकाठी पुलाच्या पायात नेऊन ठेवली.

आता सांगा, याहून सोन्यासारखं आख्यान दुसरं कुठलं? देवाला हाक मारायची झाली की त्याला मेंढरामागचंच पोर सापडतं, हे आम्हाला काय नवीन आहे?

इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब मात्र म्हणाले, "हरीशराव, आपल्याकडे कमी संत आहेत का?" ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सल्ला देताना चष्मा काढतात. "आणि गाणं कशाला? आठ-दहा स्लाइड दाखवा, प्रश्नोत्तरं घ्या, समोसे द्या."

खालच्या मजल्यावरचे बदरुद्दीनभाई रत्नागिरीकडचे. फरवानियात त्यांचं नळ-तोट्यांचं दुकान आहे आणि दारात एक पिकअप असतो, ज्याला इथे सगळे वनेट म्हणतात. ते म्हणाले, "हरीशभाई, पुलाची गोष्ट सांगायची तर पूल तर दाखवाल? लोक काय तुमच्या तोंडाकडे बघत बसतील?"

इथे माझं नशीब फिरलं.

पूल करायचा तर लवूच. लवू मालवणकडचा सुतार, कंत्राटावर आलेला, जलीबमध्ये एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारा. आमच्या घरी दर गणपतीला मृदंग वाजवायला तोच. चार वर्षांत एकदाही गावी गेला नव्हता. आता कंत्राट संपत होतं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला होता, कंपनीने जायचं एकच तिकीट हातात दिलं होतं, आणि गावी त्याच्या लेकीचं, तेजस्वीचं लग्न ठरलं होतं. कीर्तनानंतर बरोबर आठवड्याने तो जाणार होता. सगळं जमून आलं होतं.

"किती कमानी करूक व्हयीत?" लवूने विचारलं.

"बावीस," मी म्हणालो.

"बाबा, देअर आर ओन्ली फोर," ज्ञानदा म्हणाली. "बाकीच्या पुरात गेल्या. फोर हंड्रेड इयर्स झाली. इट्स अ रुइन, दॅट्स द पॉइंट."

मी तिला समजावलं की मोडका पूल दाखवणं अशुभ असतं. देवाच्या कामाला खोट दाखवू नये. ती म्हणाली तिच्या प्रोजेक्टमध्ये चार लिहिलेत. मी म्हणालो खोडून बावीस कर. ती खोलीत गेली आणि दार लावलं.

लवूने अम्गऱ्यातल्या भंगाराच्या अड्ड्यावरून प्लायवूड आणलं आणि तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी खपून बावीस फुटांचा पूल केला. तुकड्यातुकड्यांत, रंगमंचावर स्क्रूने जोडायचा. सुरेख होता. मी म्हणालो, धोंडाही खरा हवा. लवूने माझ्याकडे नीट बघितलं, पण अम्गऱ्यातूनच काँक्रीटचा एक ओबडधोबड ठोकळाही आला. ऐंशी किलोला कमी नसावा.

मग शाळेचं कार्यालय. फॉर्मवर विचारलं होतं, पूल ही वस्तू आहे की बांधकाम. वस्तू असेल तर गेटपास, बांधकाम असेल तर इंजिनिअरचं पत्र. वस्तू लिहिलं तर म्हणाले, मग दगड काय आहे? दगड म्हणजे पात्र आहे, मी म्हणालो. पात्र असेल तर त्याचा सिव्हिल आयडी लावा, असं ते म्हणाले नाहीत, पण पेन तिथेच थांबलं. शिवाय संहितेची प्रत हवी, अरबी सारांशासह. कीर्तनाची संहिता कुणी आधी लिहितं? ती हरीच्या हातात. त्यांनी विचारलं, हरींची सही मिळेल का.

सगळं मिळवलं, आणि आदल्या दिवशी धुळीचं वादळ आलं. शाळा बंद. कार्यक्रम आठ दिवस पुढे. म्हणजे लवूच्या विमानाच्याच दिवशी.

मी त्याला फोन केला. "लवू, तू राहू दे. मी टाळ्यांवर भागवीन."

"साहेबांनु, इमान रात्री नऊ चाळीसचा," तो म्हणाला. "कीर्तन पाचाक. मृदंगाबिगर तुम्ही उभे ऱ्हवलात तर माका इमानात झोप येवची नाय."

ऐका हं, आता नीट ऐका. कारण जे घडलं त्यात दोष कुणाचा, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

गुरुवारी दुपारी पूल रंगमंचावर जोडायला घेतला. लवू खोली सोडून, बॅग घेऊनच आला होता. त्याच्या पासपोर्टचं प्लास्टिक फाटलेलं. म्हणून चित्राने एक लाल खण टर्रकन मधोमध फाडला. एका अर्ध्यात लवूचा पासपोर्ट आणि तिकीट, वर त्याच्या भराडीदेवीचा अंगारा. दुसऱ्या अर्ध्यात माझी पायाभरणीची सामग्री. कारण पाया म्हटला की खाली काही ठेवायला नको? सुपारी, नाणं, आणि मी रामनाम लिहिलेली एक छोटी वही. वही पासपोर्टएवढी. मी काही मुद्दाम मापून आणली नव्हती.

पाचव्या खांबात पुरचुंडी ठेवून हळद-कुंकू वाहिलं. चौघांनी मिळून तो धोंडा वर बसवला आणि त्यावरून लवूने पुलाची फळी स्क्रूने पक्की केली. तेवढ्यात शाळेचा गार्ड आला. हत्यारं आत ठेवता येणार नाहीत, म्हणाला, आणि हत्यारांची पेटी गेटवरून बाहेर रवाना. लवूने माझा जुना सदरा-धोतर घातलं. सदऱ्याला खिसा नव्हता. म्हणून त्याची पुरचुंडी मी माझ्या खिशात घेतली. सांभाळून ठेवतो, म्हणालो.

बाळासाहेब पहिल्या रांगेत येऊन बसले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "साथीला तुमचा तो सुतार का? जरा पडद्याच्या आड बसवा. मॅनेजमेंटचे लोक आलेत."

"मृदंग आड बसत नाही, बाळासाहेब," मी म्हणालो. एवढा एकच शहाणपणा मी त्या दिवशी केला.

पाचचा कार्यक्रम भाषणांमुळे सहाला सुरू झाला. मी गादीवर उभा राहिलो. चित्रा पेटीवर, लवू मृदंगावर. बदरुद्दीनभाईंना सांगून ठेवलं होतं: लवूची बॅग तुमच्या वनेटमध्ये, पावणेसातला गाडी दाराशी, साडेसातला विमानतळ. रस्त्यात गर्दी असली तरी आठच्या आत.

गादीवरच्याच्या पाया पडायचा नियम सभेला आधीच समजावून सांगितला. नमन लागलं, पूर्वरंग लागला, गोष्ट इंग्रजीत, पदं मराठीत. पोप आले, त्यांचा वाडा आला, वाड्यासारखं मोठं घर बांधूनही माणसाला शेवटी मावायला किती जागा लागते, हा उपदेशही आला. मुलं हसत होती, मॅडम पुढे वाकून ऐकत होत्या. दाराशी ज्ञानदा हाताची घडी घालून उभी होती. पळून जायला सोपं पडावं म्हणून. उत्तररंग सुरू झाला. पोर बिशपपुढे उभं राहिलं. साडेसहा झाले होते. बुक्क्याचं बोट लवूच्या कपाळाला लावावं म्हणून मी खिशात हात घातला आणि डबीबरोबर पुरचुंडीचं टोक सुटलं.

हाताला सुपारी लागली.

मंडळी, सुपारी ही मंगल वस्तू आहे. पण त्या क्षणी ती माझ्या हाताला विंचवासारखी लागली. मी चिपळ्या वाजवत खाली नजर टाकली. नाणं. रामनामाची वही. माझंच अक्षर.

म्हणजे लवूचा पासपोर्ट पाचव्या खांबात, धोंड्याखाली, वर फळी, फळीला स्क्रू, आणि स्क्रू काढायचं हत्यार गेटबाहेर. इकामा रद्द. तिकीट एकच. शनिवारी लग्न. आणि मी गादीवर, आख्यानाच्या ऐन मध्यात, जिथून खाली उतरायची मुभा नाही.

तोंड बोलत होतं. "मग तो बिशप काय म्हणाला..." काय म्हणाला ते मलाच आठवेना. लवू खुशीत ठेका धरून होता. तेजस्वीच्या वरातीचा ठेका असावा. चित्राने मला घाम आलेला पाहिला आणि पेटीचा सूर वर नेला. तिला वाटलं रंगलोय.

तेव्हा शत्रुघ्नबुवा आठवले. आग लागली तर पदातून सांगायची. मी चाल बदलली आणि लवूकडे वळून उभ्या उभ्या गाऊ लागलो:

*ऐक मृदंग्या, चित्त दे जरा, फसगत झाली भारी,*
*दोन पुरचुंड्या, खण तो एकच, भुलला हा संसारी.*
*माझ्या खिशात सुपारी आली, तुझे काय ते कोठे?*
*पाचव्या खांबी, धोंड्याखाली, निळे पुस्तक छोटे.*

सभा डोलली. बाळासाहेबांनी "वा" म्हटलं. लवूनेही मान डोलावली आणि जोरात तिहाई घेतली. त्याला अर्थ पोचलाच नव्हता.

मी दुसरं कडवं केलं.

*नऊ चाळीसचे पुष्पक जाईल, वऱ्हाडी बसती दारी,*
*बाप पुलाच्या पायात अडला, लेक उभी बोहल्यावरी.*

मृदंग थांबला.

चित्राची बोटं पेटीवर तशीच राहिली. लवूने माझ्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"साहेबांनु," तो हळू म्हणाला, "खरा?"

मी सुपारी वर करून दाखवली.

सभेला वाटलं, हा आख्यानाचाच भाग. मी काय करणार? बोलत राहिलो. "तेव्हा गावचा कारभारी म्हणाला, तीस माणसांना न हललेली ही शिळा तू उचलशील?"

लवू उठला. धोतर खोचलं. पुलापाशी गेला आणि त्याने फळीखाली हात घातला. ती निघेना. त्याच्याच हाताचं काम ते. कुचराई त्याला माहीतच नाही. त्याने दोन्ही पाय रोवले, "आई भराडी" म्हणाला आणि ओढली. पहिला स्क्रू बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. मग करकरत फळी उखडली, आणि पाचव्या कमानीपासून पूल एकेक करत आडवा होत गेला, सहा, सात, आठ, थेट पडद्यापर्यंत. पहिल्या रांगेतली दोन मुलं उभी राहिली. ज्ञानदा दारातून पळत आत आली.

आता धोंडा. दुपारी आम्ही चौघांनी, बदरुद्दीनभाईंच्या कमरेसकट, तो बसवला होता. लवू एकटा खाली बसला, छातीशी कवटाळला आणि उभा राहिला. कपाळाची शीर मला गादीवरून दिसत होती. ठेवायला जागा नव्हती. खाली सगळ्या फळ्या, खिळे, मुलं. मोकळी जागा एकच होती, माझ्या पायांखालची. मी बाजूला झालो. त्याने तो धोंडा आणून गादीवर ठेवला आणि धापा टाकत तिथेच उभा राहिला.

मी खांबात हात घातला. लाल खण. निळं पुस्तक. हळदीने पिवळं झालेलं, पण होतं.

टाळ्या ऐकू आल्या त्या मला फार उशिरा. अलिना मॅडम रडत होत्या. चित्राने, दुसरं काही न सुचून, आरती लावली. आणि आरती झाल्यावर जे होतं तेच झालं. गादीवर जो उभा, त्याच्या पाया पडायचं. गादीवर लवू उभा होता. अध्यक्ष म्हणून मान पहिला बाळासाहेबांचा. ते वर आले, घुटमळले, माझ्याकडे बघितलं. मी गादीकडे बोट केलं. बाळासाहेबांनी चष्मा काढला आणि लवूच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यांच्यामागे दीडशे माणसांची रांग.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर बदरुद्दीनभाई हॉर्न वाजवत होते. लवूला पाय मागे घेता येईना, कुणाला नको म्हणता येईना. तो प्रत्येकाला "असू दे, असू दे" म्हणत घड्याळ शोधत होता. मीच नियम शिकवलेले, मी कुठल्या तोंडाने मोडू?

तेवढ्यात ज्ञानदाने माईक घेतला. आधी फ्रेंचमध्ये काही बोलली, मग इंग्रजीत, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर, मराठीत म्हणाली, "लवूकाकांच्या मुलीचं लग्न आहे. त्यांचं विमान आहे. बाकीच्यांनी बसल्या जागेवरून नमस्कार करा आणि रस्ता द्या."

रस्ता झाला. लवू धोतरावरच पळाला, पासपोर्ट छातीशी धरून. मृदंग तिथेच राहिला.

पुढचा सव्वा तास मी रंगमंचावर त्या धोंड्यावर बसून काढला. वाकलेले स्क्रू वेचत राहिलो, कारण हातांना काहीतरी हवं होतं. आठ वाजता बदरुद्दीनभाईंचा फोन: रस्ता जाम आहे. साडेआठला काही नाही. चित्रा देवाचं नाव घेत होती, ज्ञानदा शेजारी येऊन बसली होती आणि माझा फोन तिच्या हातात होता. आठ पस्तीसला लवू स्वतः बोलला.

"काउंटर बंद करीत होते. घेतल्यानी. पासपोर्ट उघडल्यार हळद सांडली, तो मानूस म्हनता, शिनू हादा, ह्यां काय? मी म्हटलंय, लगीन."

"मग?"

"तो हसलो. शिक्को मारल्यान."

पाठीमागून अलिना मॅडम आल्या. त्यांनी पुलाकडे बोट दाखवलं. पाचवा खांब उघडा, त्यापुढे काही नाही. अलीकडे चार कमानी, जशाच्या तशा उभ्या.

"आमच्या गावी बरोबर एवढ्याच उरल्यात," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी त्याच्या टोकाला जाऊन बसायची. पुढे नुसती नदी. तुम्हाला हे कसं सुचलं?"

मी तोंड उघडलं. ज्ञानदाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

शाळेच्या मासिकात फोटो आला तो लवूचा, धोंड्यासकट. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सहाय्य: हरीश'. चाळीस मिनिटं गायलो त्याबद्दल एक ओळ नाही. मी ते पान कुणाला दाखवत नाही, पण कपाटात कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे. धोंडा अजून शाळेच्या मागच्या दारी आहे. वस्तू म्हणून आत आला, पण बाहेर न्यायचा गेटपास अजून मिळालेला नाही.

तो बेनेझे आपला पूल पुरा व्हायच्या आधीच गेला, म्हणतात. ज्यांनी बांधलं ते पलीकडे उतरण्यापूर्वीच निघून जातात. त्यावरून चालतो आपण. तेव्हा मंडळी, एवढंच मागतो. घरी जाल, दिव्याला हात जोडाल, तेव्हा मला विसरलात तरी चालेल, म्हणजे तसं चालणार नाही, पण चालेल. लवूचं नाव मात्र एकदा घ्या. मालवणकडचा लवू सुतार. त्याची तेजस्वी सासरी सुखात राहो, असं म्हणा. आणि त्याचा मृदंग आमच्याकडे आहे, असंही म्हणा. ज्ञानदा त्यावर रोज संध्याकाळी हात बसवते.